शिलाची स्टेपनी आणि सोळाचा अ‍ॅव्हरेज

सोमवारी सकाळी बरोबर सव्वासहा वाजता किसनसिंगमामांनी तोंडातली लिंबाची काडी बाहेर काढली, अंगणात उभ्या असलेल्या पांढऱ्या मारुतीकडं बैल बघावा तसं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "देविदास, ही खाते किती?"

बस्स, तिथून सगळं सुरू झालं. मामांनी काडी बाहेर न काढता नुसती चूळ भरून घरात गेले असते, तर शिलाची झोप उडाली नसती, तांड्यावर हसं झालं नसतं आणि आज हे लिहायची वेळसुद्धा आली नसती.

किसनसिंग म्हणजे शिलाचे सासरे. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहिलं, आणि मामांनी सगळी उमर जनावरांच्या बाजारात घालवली. जनावराचे दात बघून ते वय सांगत, आणि चाल बघून मालकाचा स्वभाव. गाडी घेतली तीसुद्धा त्यांनी बाजाराच्याच रिवाजानं घेतली. जवळा बाजारचे प्रेमसिंग त्यांचे लांबचे भाऊबंद. जुनी मारुती विकताना ते बोलून गेले, "सोळाचा अ‍ॅव्हरेज देते दादा. एक कमी भरला तर माझ्या दारात आणून बांधा."

मामांनी हे बोलणं धरून ठेवलं. जुवाखाली बसकण मारणारा बैल पंधरा दिवसांत मालकाच्या दारात परत बांधायचा, हा बाजाराचा कायदा. गाडीला दावं नव्हतं, पण कायदा तोच. आणि पंधरा दिवसांतला शेवटचा दिवस होता उद्या, मंगळवार.

"साधारण चौदा-पंधरा देत असेल," देविदास म्हणाला. (हा शिलाचा नवरा. जिनिंगमध्ये कारकून. खरं बोलायची वाईट खोड आहे.)

"सोळा म्हणला होता ना प्रेमसिंग?"

"म्हणले होते."

"मग उद्या बघू. सोळा भरली तर ऱ्हाईल. न्हाई तर संध्याकाळी प्रेमसिंगच्या दारात."

चुलीपुढं बसलेल्या शिलाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

आता शिलाचं म्हणाल तर तिला गाडीची हौस नव्हती. तिला गाडीत बसलं की मळमळायचं. पण तिला दीड वर्षाची दिपा होती. गेल्या उन्हाळ्यात दिपाला भर दुपारी ताप चढला, तेव्हा तांड्याच्या फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती आणि ड्रायव्हर म्हणत होता, "वहिनी, अजून तीन सीट बाकी हायेत, भरल्या की निघू." शिला मांडीवर तापलेलं लेकरू घेऊन त्या तीन सीटांची वाट बघत बसली होती. ती दुपार ती विसरली नव्हती. गाडी दारात आल्यापासून ती रात्रीची झोपत होती. आता ती गाडी एका आकड्यासाठी जाणार?

भाकरी उलटायची सोडून तिनं ठरवलं की आकडा भरलाच पाहिजे.

दुपारी टायरमध्ये हवा भरायला देविदास औंढ्याला निघाला, तेव्हा तीही दिपाला कडेवर घेऊन मागं बसली. ग्यानबा मिस्त्री हवा भरता भरता बोलत होता. त्याला बोलायला कोणी लागत नसे, टायर असलं तरी पुरायचं.

"अ‍ॅव्हरेजचं काय असतंय साहेब, हवा बराबर पाहिजे. गाडीत फालतू वजन नको. आन पाय हलका पाहिजे. एक्सलेटर दाबला की ती पेट्रोल पिते, सोडला की गप ऱ्हाते. बाकी कंपनीवाले काहीबी सांगतेत."

"आणि मोजायचं कसं हो दादा?" शिलानं विचारलं.

"टाकी फुल करायची, फिरवायची, परत फुल करायची. दुसऱ्या बारीला जितकं बसलं तितकं गाडीनं पिलं."

शिलाला हे लगेच कळलं. रांजण काठोकाठ भरायचा, दिवसभर वापरायचा, संध्याकाळी परत काठोकाठ भरायचा. भरायला जितक्या घागरी लागल्या तितकं पाणी घरानं पिलं. सातवी झालेल्या बाईला हे कळायला काही अवघड नाही, आणि घागरी स्वतः आणत असली की मुळीच नाही.

घरी आल्यावर तिच्या डोक्यात दोनच गोष्टी घुमत होत्या. फालतू वजन नको. पाय हलका पाहिजे.

संध्याकाळी सगळे पारावर गेले तशी तिनं डिकी उघडली. आत एक चाक आडवं झोपलेलं होतं. काळं, जड, धुळीनं माखलेलं. ती विचारात पडली. चार चाकं खाली पळतात, हे पाचवं इथं काहून झोपून राहिलं? गाडीचं वजन वाढवतं आणि काम काहीच करत नाही. (असलं माणूस घरात असतं तर सासूबाईंनी कवाच बाहेर काढलं असतं.)

तिनं स्टेपनी उचलून घराच्या मागं नेली. पण ठेवायची कुठं? मामांनी बघितली तर म्हणतील, कसणीच्या, म्हणजे बैल जुंपून पारखायच्या, आधी त्याला पेंड चारतात, तसला हा खेळ आहे. मागं कडब्याची गंजी होती. शिलानं चार पेंढ्या काढल्या, चाकाच्या चारी बाजूंनी लावल्या आणि दिपाला दुपट्यात गुंडाळतात तशी सुतळीनं आवळून टाकली. लांबून बघितलं तर जरा लठ्ठ पेंढी. ती तिनं गंजीत कोंबली. उद्या संध्याकाळी परत डिकीत टाकू, कोणाला काय कळतंय!

राहिला हलका पाय. देविदासचा पाय काही हलका नव्हता. सायकलसुद्धा तो पीठ मळल्यासारखी चालवायचा. शिलानं दिपाचं एक जुनं दुपटं घेतलं, चार घड्या घातल्या आणि एक्सलेटरच्या खाली चटईच्या आत सरकवून दिलं. आता नवऱ्यानं कितीही दाबलं तरी पाय खाली जाणार नाही.

मंगळवारी सकाळी सगळे गाडीत बसले. पुढं देविदास आणि मामा, मागं आत्याबाई (म्हणजे भिकाबाई, शिलाच्या सासूबाई), शिला आणि मांडीवर दिपा. पायाशी शिलाची पिशवी. पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, थंड पाण्याची बाटली, उकळलेल्या पाण्याची वेगळी बाटली, ग्राइप वॉटर, तापाचं औषध, दुसरं तापाचं औषध (पहिलं सांडलं तर), चार झबली, स्वेटर, कानटोपी, खिचडीचा डबा आणि ती खिचडी गरम करायला छोटा स्टो.

"एवढं काय घेतलीस?" देविदास म्हणाला. "वजन वाढतंय."

"लेकराचं हाय," शिला म्हणाली. तिच्या तोंडून असं निघालं की घरातलं कोणी पुढं बोलत नसे. (खरं सांगायचं तर ती पिशवी त्या स्टेपनीएवढीच जड होती. पण हा हिशेब तिच्या ध्यानात आला नाही, आणि आपण कशाला आणून द्यायचा?)

औंढ्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. मीटरवरचा आकडा देविदासनं पेनानं तळहातावर लिहून घेतला. हिंगोलीला दिपाची लस होती. तिथून परत औंढा, मग जवळा बाजार, मग शेवटी पुन्हा याच पंपावर येऊन टाकी भरायची, असं ठरलं.

हिंगोलीपर्यंत गाडी अशी गेली की शिलाला मळमळसुद्धा कमी वाटली. पाय खाली जातच नव्हता. एक सायकलवाला त्यांच्या बरोबरीनं चालला होता आणि मध्येच खिडकीतून विचारून गेला, "काय झालं पाव्हणं, गाडी आजारी हाय का?"

"पिकअपच न्हाई," देविदास पुटपुटला.

"चांगलंय की," मामा म्हणाले. "पळणारं जनावर लई खातं."

लस झाली. दिपा रडली, झोपली. खरी पंचाईत परतीला सुरू झाली. रस्त्यानं कोणी हात केला की मामा म्हणायचे, "थांबव!"

"बापू, आज अ‍ॅव्हरेज बघून राहिलोत. वजन नको."

"अरे, ओळखीचा माणूस उन्हात उभा हाय आन आपण पुढं निघून जायचं? उद्या तांड्यावर तोंड कसं दाखवायचं?"

मग वसराम चढला, कोंबड्यांची टोपली घेऊन. पुढं रतनसिंग चढला, त्याच्याबरोबर त्याची सासू चढली. सासू शिलाच्या अर्ध्या मांडीवर बसली आणि विचारू लागली, "सूनबाई, गाडी देते किती?" शिला दर माणसामागं मनातल्या मनात अ‍ॅव्हरेज उतरवत होती. तिला वाटत होतं की आपण तरी जरा अधांतरी बसावं. तिनं खरंच समोरच्या सीटला धरून अंग वर ओढून बघितलं. (तुम्हीही कधी बघितलं असेल, खोटं बोलू नका.)

जवळा बाजारला मंडळी उतरली. प्रेमसिंग नेमके परगावी गेले होते. मामांना ते बरंच वाटलं. कसणी पुरी होईतो मालकाचं तोंड बघू नये, असं त्यांचं मत होतं.

परत फिरल्यावर औंढा पाच किलोमीटर राहिला तेव्हा वाटेत एक चढ लागला. मारुती अर्ध्यावर चढली आणि दमल्यासारखी थांबायला लागली.

"दाब की रे!" भिकाबाई ओरडल्या.

"दाबूनच राहिलो, याडी!" आईला असं सांगत देविदासनं सगळा जोर पायात आणला. सायकलवर पीठ मळणारा पाय तो. दुपटं दबलं, पेडल वाकडं झालं आणि आतून 'टण्ण' असा आवाज आला. गाडी थांबली. आता पेडल मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं लोंबायला लागलं.

देविदासनं खाली वाकून बघितलं. एक्सलेटरची वायर तुटली होती. मग त्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. त्यानं ते बाहेर ओढलं.

"हे काय?"

"दिपाचं दुपटं," शिला म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पडलं असंल."

दिपाच्या वस्तू घरात कुठंही पडलेल्या असायच्या, पिठाच्या डब्यातसुद्धा. त्यामुळं कोणाला काही वाटलं नाही. देविदासनं त्या दुपट्यानं घाम पुसला आणि तो गाडीला टेकून उभा राहिला. त्या वर्षी अख्ख्या तांड्यावर एकच मोबाईल होता, आणि त्याला रेंज यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. मिस्त्रीला बोलवायचं कोणी आणि कसं?

तेवढ्यात समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी येताना दिसली. गाडीवर मुंजाजी. शेजारच्या गावचा माणूस, मामांचं जुनं गिऱ्हाईक.

"अरे मुंजाजी! तू इकडं कसा?"

"तुमच्याच दारातून येऊन राहिलो, किसनसिंगदादा! तुमीच म्हणला होता ना, गंजी उचलून ने म्हणून? सकाळी तुमी नव्हता, मी भरून घेतली सगळी." त्यानं मागं हात केला. "कडबा एक नंबर हाय बघा. एकेक पेंढी लई भारी. एक तर अशी जड होती की उचलताना कंबर धरली. ज्वारीचं ताट मुळातच दमदार!"

"माझ्या रानातला हाय," मामा म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली.

शिलानं कडब्याकडं बघितलं. वरून दुसऱ्या थरात, सुतळीनं आवळलेली, लठ्ठ पेंढी तिला दिसली. काय सांगणार? मामा, त्या पेंढीत तुमच्या गाडीचं चाक हाय, मी लपवलं, वजन कमी व्हावं म्हणून? कसणीच्या दिवशी? तिला वाटलं, आपल्यालाही सुतळीनं आवळून त्या गंजीत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मामांना मात्र आता हुरूप आला होता. सकाळपासून ज्या जनावराची भाषा कळत नव्हती त्याला ओढायला शेवटी आपलं जनावर आलं होतं. मुंजाजीनं कडब्याची गाडी झाडाखाली सोडली, बैल सोडवून मारुतीच्या पुढं आणले आणि जाड नाड्यानं ती जुवाला बांधली. देविदास स्टेअरिंगवर. मामा खिडकीतून निम्मे बाहेर.

"हां मोऱ्या! चल चांद्या! हाऽऽ!"

आणि मारुती निघाली. अशी निघाली की सकाळपासून इतकी मोकळी चालली नव्हती.

शिलाची नजर मात्र मीटरवर खिळली होती. शेवटचा आकडा हळूहळू वर सरकला आणि पुढचा आला. गाडी बंद. पेट्रोलचा थेंब खर्च नाही. पण चाकं फिरत होती, आणि चाकं फिरतात तोवर मीटर मोजतं! बैलांचं चालणं गाडीच्या खात्यात जमा होऊन राहिलं होतं!

तिनं नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. तो रस्ता बघत होता. तिनं मामांकडं बघितलं. ते बैलांची तारीफ करत होते. आत्याबाई झोपल्या होत्या. सांगावं का? खरं तर सांगायला पाहिजे होतं. तिनं दिपाच्या कपाळावर हात ठेवला. लस घेतलेल्या लेकराचं कपाळ कोमट लागत होतं. संध्याकाळी ताप चढणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तीन सीट बाकी हायेत, वहिनी.

ती गप्प बसली. नुसती गप्प बसली नाही, तर मनातल्या मनात म्हणाली, चल मोऱ्या, अजून थोडं.

बैलांनी ओढलेली गाडी पेट्रोल पंपावर शिरली तेव्हा पंपावरचं कामकाज बंद पडलं. पंपवाल्यानं नळी हातात धरून तोंड उघडं ठेवलं.

"पेट्रोल संपलं का, दादा?"

"न्हाई," देविदास म्हणाला. "टाकी फुल करायची. अ‍ॅव्हरेज बघायचाय."

पंपवाल्यानं एकदा गाडीकडं, एकदा बैलांकडं बघितलं. "मग नळी कोणाला लावू?"

मागं रांगेत उभे असलेले मोटारसायकलवाले पोट धरून हसायला लागले. देविदास लाल झाला. मुंजाजीनं बैलांच्या पाठीवर थाप मारली, "यांचा अ‍ॅव्हरेज मला इचारा, दोन पेंढ्यात औंढा!"

टाकी भरली. बरोबर पाच लिटर बसलं. देविदासनं तळहातावरचा आकडा घामातून वाचला, मीटरवरच्या आकड्यातून वजा केला. ऐंशी किलोमीटर. भागिले पाच.

"सोळा!" देविदास ओरडला. त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. "बापू, बराबर सोळा!"

मामांनी बैलांच्या गळ्याखाली खाजवलं. मग म्हणाले, "प्रेमसिंग जबानीचा पक्का निघाला. गाडी ऱ्हाईल."

शिलानं दिपाला असं छातीशी धरलं की लेकरू जागं होऊन रडायला लागलं. ग्यानबा मिस्त्रीनं वायर बसवून दिली. त्या संध्याकाळी दिपाला खरंच ताप आला. देविदासनं गाडी काढली, औंढ्याला डॉक्टरला दाखवून जेवणाच्या वेळेला सगळे घरी. एका सीटसाठीसुद्धा थांबावं लागलं नाही. शिलाला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

पण सकाळी ती अंगण झाडत होती तेव्हा मामा लिंबाची काडी घेऊन बाहेर आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "पोरी, बैलांनी ओढलेलं काढलं तर पंधराच होतेत."

शिलाच्या हातातला झाडू खाली पडला. "मामा, तुमाला... कळलं होतं?"

"उमर गेली माझी बैलांचं चालणं मोजण्यात. मला न्हाई कळणार?"

"मग तुमी बोलला काहून न्हाईत?"

"अन् प्रेमसिंगच्या दारात जाऊन काय सांगू? तुझी गाडी बैलांनी ओढून आणली म्हणून? अख्खा बाजार हसंल माझ्यावर. त्यापरीस एक अ‍ॅव्हरेज कमी परवडला." त्यांनी काडी दुसऱ्या गालात सरकवली. "आन काल डॉक्टरकडं जाताना पुढच्या सीटवर बरं वाटलं मला. वारं लागतंय."

शिलाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात मामा गाडीच्या मागं गेले. "आता आपलीच हाय म्हणल्यावर सगळं बघून घेतो," म्हणत त्यांनी डिकी उघडली. आत बघितलं. बराच वेळ आत बघितलं.

"स्टेपनी कुठंय?"

शिलानं पडलेला झाडू उचलला आणि झाडलेलंच अंगण परत झाडायला घेतलं.

"प्रेमसिंगनं स्टेपनीच दिली न्हाई!" मामांनी डिकी आपटली. "जबानीचा पक्का म्हणे! आधीच ठेवून घेतली! येऊ दे येता बाजार, भर चौकात इचारतो त्याला!"

शिलानं त्याच दुपारी मुंजाजीच्या घरी निरोप धाडला, तर कळलं की मुंजाजीनं अर्धा कडबा दुसऱ्यांना देऊन टाकलाय. ती जड पेंढी कोणाकडं गेली त्याला आठवत नाही. उलट तो गावोगाव सांगत फिरतोय की किसनसिंगदादाच्या कडब्यासारखा कसदार कडबा तालुक्यात नाही.

म्हणून मंडळी, हे वाचणाऱ्यांना एकच विनंती. औंढा, जवळा बाजार, आखाडा बाळापूर, कुठंही तुमचा माणूस असेल तर निरोप पोचवा. कोणाच्या म्हशीनं कडबा खाता खाता मध्येच चावणं थांबवलं असेल आणि आत काळं गोल काही लागलं असेल, तर ते शिलाचं आहे. येत्या बाजाराच्या आधी आणून द्यावं, मामा रानात गेलेले असताना, मागच्या दारानं. प्रेमसिंगांची इज्जत त्याच्यावर आहे.

आणि आणताना तेवढी हवा बघून आणा. हवा कमी असली की अ‍ॅव्हरेज पडतो.